जोतीरावांचा डावा हात

मागच्या महिन्यात आमच्या एका गटातल्या मावशी सकाळी भाकऱ्या थापता थापता कलंडल्या. तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना. घरचे म्हणाले, अंगावरून वारं गेलं. आणि पारव्याचं रक्त चोळणाऱ्याकडे घेऊन गेले. दवाखाना गाठला तेव्हा दुपार टळून गेली होती. आता मावशींना आपण बोललेलं कळतं, पण त्यांना शब्द सापडत नाही. म्हणून आज याच 'वाऱ्या'वर बोलायचं आम्ही ठरवलं.

हा शब्द फार जुना. आयुर्वेदात हा वाताचा आजार, त्यावरून अर्धांगवायू. इंग्रजीत स्ट्रोक म्हणतात, म्हणजे तडाखा. बाहेरून काहीतरी येऊन आदळलं असंच सगळीकडे वाटायचं. युरोपात १६५८ साली वेप्फर नावाच्या स्विस डॉक्टरने अशा आजाराने मेलेल्यांचे मेंदू उघडून पाहिले, तर आत रक्त साचलेलं. पुढे १६६४ मध्ये इंग्लंडच्या टॉमस विलिस यांनी मेंदूच्या तळाशी असलेलं रक्तवाहिन्यांचं कडं नीट मांडून दाखवलं. मानेतून चार मोठ्या वाहिन्या वर जातात, दोन पुढून, दोन मागून, आणि त्या कड्यात एकमेकींना मिळतात. तिथून पुढे आपल्या उसाच्या पाटासारखंच. पाटाला बारे फुटतात, प्रत्येक बारं आपापल्या सरीला पाणी देतं. मेंदूचं वजन अंगाच्या पन्नासाव्या भागाएवढं, पण अंगातल्या ऑक्सिजनचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. एक बारं तुंबलं की तिथली सरी काही मिनिटांत करपायला लागते.

आपल्या महाराष्ट्रातलं यातलं सगळ्यात ओळखीचं माणूस म्हणजे महात्मा जोतीराव फुले. मे १८८८ मध्ये मुंबईत लोकांनी त्यांना 'महात्मा' म्हटलं, आणि त्याच वर्षीच्या जुलैत त्यांना झटका आला. वय एकसष्ट. उजवी बाजू लुळी पडली. लिहिता हात गेला. पुण्यात त्यांच्यावर उपचार केले ते त्यांचे सत्यशोधक मित्र डॉ. विश्राम रामजी घोले यांनी. शुश्रूषा सावित्रीबाईंची. पैशाचीही ओढाताण होती. मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्यांच्यासाठी मदत मागितली होती. घरातलं एक माणूस आडवं झालं की काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

जोतीराव डाव्या हाताने लिहायला शिकले. त्याच हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक पुरं केलं. बाई आणि पुरुष सारखेच, हे त्यात बजावून सांगितलंय. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले, पुस्तक १८९१ मध्ये छापून आलं. त्यांचा सत्यशोधक विचार पुढे शाहू महाराजांच्या काळात आपल्या कोल्हापुरात रुजला, ते तुम्हाला माहीत आहेच.

उजवी बाजू गेली म्हणजे मेंदूची डावी बाजू दुखावली, कारण मेंदूतल्या तारा खाली येताना बाजू बदलतात. बोलणंही बहुतेकांचं डावीकडेच असतं. हे पॅरिसच्या ब्रोका या डॉक्टरने १८६१ मध्ये एका रोग्यावरून ताडायला सुरुवात केली. तो माणूस फक्त 'तान' एवढंच म्हणायचा. आमच्या मावशींचे शब्द गेले ते यामुळेच. जोतीरावांची भाषा शाबूत राहिली, म्हणून पुस्तक झालं. उजव्या मेंदूला मार बसला तर डावी बाजू जाते, आणि काहींना डावीकडचं जगच दिसेनासं होतं. ताटातली उजवीकडची भाकरी खातात, डावीकडची तशीच. सून मुद्दाम कमी वाढते असं म्हणू नका. मागच्या वाहिन्या तुंबल्या तर गरगरतं, एकाचे दोन दिसतात, तोल जातो, घोट गिळवत नाही.

झटका दोन तऱ्हेचा. दहातल्या सात-आठ वेळा गुठळी अडकते, बाकी वेळा वाहिनी फुटून रक्त सांडतं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. घोले डॉक्टरांकडे ते ओळखायला काही नव्हतं. आज आहे तसा रक्तदाब मोजायचा पट्टा १८९६ मध्ये आला, मेंदूचं सीटी स्कॅन १९७१ मध्ये. गुठळी विरघळवणारं औषध १९९६ पासून. ते झटक्यानंतर साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही स्कॅन करून. फुटलेल्या वाहिनीवर तेच औषध जीव घेईल. म्हणून घरात कुणी गोळी देऊ नये, ॲस्पिरिनसुद्धा नाही. पाणीही पाजू नये, श्वासनळीत जातं.

तोंड वाकडं, एक हात खाली पडतोय, बोलणं बोबडं. यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन लावा. स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यातच न्यायला सांगा. पाच-दहा मिनिटांत सगळं परत नीट झालं तरी जायचंच, तो पुढच्या मोठ्या झटक्याचा निरोप असतो.

मावशी आता डाव्या हाताने हप्त्याच्या वहीत सही गिरवतायत. अजून 'श' वाकडा येतो. पुढच्या बैठकीला आशाताई रक्तदाबाचं मशीन घेऊन येणार आहेत. गोळी चालू असेल तर तिचं पाकीट घेऊन या, आणि 'बरं वाटलं म्हणून बंद केली' असं असेल तर तेही सांगा.