दांडीवरचं लेकरू

मागच्या भागानंतर एका बाईनं आम्हाला विचारलं, "तुम्ही लेकरं घेऊन सायकलवर राजूरला गेलात म्हणं, हे नवीनच काय काढलं?" तर आज त्याचंच बोलू. कारण हे नवीन नाही.

आधी सायकलपासून सुरुवात करू. १८८८ साली आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात जॉन डनलॉप नावाचा जनावरांचा डॉक्टर होता. त्याच्या लहान मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार हादरायची, कारण तेव्हा चाकाला भरीव रबर असायचं. बापानं चाकाला रबराची नळी गुंडाळली आणि त्यात हवा भरली. आज आपण पंक्चर काढायला जातो ती ट्यूब अशी एका लेकराला हादरे बसू नयेत म्हणून आली. त्याच्या तीन वर्षं आधी दोन्ही चाकं सारखी आणि मागच्या चाकाला चेन असलेली सायकल इंग्लंडात विकायला निघाली होती. या दोन गोष्टी जमल्या आणि आजची सायकल तयार झाली.

त्याच १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान निघालं. लक्ष्मणराव मुंबईत शिकवायचे, तिथून सायकली पाठवायचे आणि भाऊ बेळगावात विकायचे. चालवायला शिकवायचेही पैसे घ्यायचे. तेव्हा सायकल ही साहेब आणि सावकार यांचीच चैन होती. पुढं त्याच किर्लोस्करांनी कडबा कापायचं यंत्र केलं, लोखंडी नांगर केला, आणि १९३० साली त्यांच्याच किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' नावाचं मासिक निघालं. सायकल विकणाऱ्या घरातून बायांचं मासिक निघावं याची आम्हाला मोठी गंमत वाटते.

आता बाई आणि सायकल. १८९४ साली अमेरिकेत बोस्टन शहरातून ॲनी कॉपचॉव्हस्की नावाची बाई सायकलवर जगाच्या फेरीला निघाली. तीन लहान लेकरं होती तिला. ती नवऱ्याजवळ ठेवून गेली. एका पाणी विकणाऱ्या कंपनीनं १०० डॉलर दिले, तर तिनं त्या कंपनीचं 'लंडनडेरी' हे नावच लावून घेतलं. पहिली सायकल १९ किलोची, अंगावर लांब झगा. शिकागोपर्यंत जाईस्तोवर जीव मेटाकुटीला आला. तिथं तिनं अर्ध्या वजनाची पुरुषी सायकल घेतली आणि झगा टाकून ढगळ विजार घातली. पुढचा बराच प्रवास बोटीनंच झाला, पण १८९५ च्या सप्टेंबरात फेरी पुरी करून आली. लोकांनी विचारलं असेलच, लेकरं टाकून गेली कशी? पुरुष वर्षवर्ष बाहेर गेला तर कोणी विचारत नाही, ते सोडा. पण आमच्या गटातही या गोष्टीवर दोन तट पडले. एकीनं स्पष्ट सांगितलं, "मी नसते गेले." त्या बाईला आम्ही चूक म्हणणार नाही.

लेकरं सोबत घेऊन जाणारेही झाले. व्होगेल नावाचं अमेरिकेतलं शिक्षक जोडपं २००८ साली आपल्या दहा वर्षांच्या जुळ्या मुलांना घेऊन उत्तरेच्या टोकाला अलास्काहून निघालं आणि २०११ साली दक्षिणेच्या टोकाला अर्जेंटिनात पोचलं. जवळपास तीन वर्षं सगळं घर सायकलवर. मुलांचा अभ्यास वाटेतच. आणि आपल्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ साली विशीत असताना १५९ दिवसांत एकटीनं जगभर २९,००० किलोमीटर सायकल चालवली. स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटलं, तरी ती पुढं गेली.

पण आपल्याला सगळ्यात जवळची वाटते ती तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईची गोष्ट. आपल्यासारखाच कोरडा, कष्टकरी जिल्हा. १९९१ च्या सुमारास तिथं साक्षरतेची मोहीम चालू होती. शीला राणी चुंकथ या कलेक्टर होत्या. त्यांच्या लक्षात आलं की शिकवणाऱ्या बाईला गावोगाव जायचं तर पाय पुरत नाहीत आणि बस वेळेवर नाही. मग साक्षरतेच्या कामातच सायकल शिकवणं घातलं. सायकल घेण्यासाठी बायांना बँकेचं कर्ज मिळायची सोय केली. शेतमजूर, दगडखाणीत राबणाऱ्या, बालवाडीच्या, दवाखान्यातल्या अशा एक लाखावर बाया शिकल्या. १९९२ साली महिला दिनानंतर दीड हजार बाया एकदम सायकलवर रस्त्यानं निघाल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे.

त्यात एक गोष्ट अशी की दुकानातल्या लेडीज सायकली संपल्या, म्हणून बायांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. आणि मग त्यांना त्याच आवडू लागल्या. का? तर मधे दांडी असते, तिच्यावर लेकरू बसवता येतं! म्हणजे मागं पाण्याची घागर, पुढं लेकरू आणि मधे माय. लेडीज सायकलला दांडी नसते ती साडी-झग्यासाठी. ती काढताना बाईच्या कडेवर लेकरू असतं हे कोणाला सुचलंच नव्हतं.

आपल्याकडं बघा. जालना १ मे १९८१ रोजी वेगळा जिल्हा झाला तेव्हा आमच्यातल्या काहीजणी शाळेत होत्या. गावात सायकल तासावर भाड्यानं मिळायची. भाऊ तासभर घेणार, तर आपल्याला शेवटची दहा मिनिटं. दांडीखालून पाय घालून कैची चालवायची, गुडघे फोडून घ्यायचे. नहाण आलं की तेही बंद. "आता शोभत नाही" म्हणायचे. लग्न झालं की संपलंच.

आता मानव विकासच्या योजनेत आपल्या जिल्ह्यातही आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकल मिळते, पाच किलोमीटरच्या आतल्या मुलींसाठी. लांबच्यांना एसटीची निळी बस. या सायकलीनं काय केलं ते आपण रोज पाहतो. पण बारावी झाली की सायकल कोणाकडं जाते तेही पाहतो. भाऊ घेऊन जातो, नाहीतर गोठ्यात गंजते. सासरी भांडी जातात, कपाट जातं, सायकल जात नाही.

राजूरची वारी यातूनच निघाली. चतुर्थीला लोक जालन्याहून रातोरात पायी राजूरच्या गणपतीला जातात, पंचवीसेक किलोमीटर. आमच्या गटातली एक बाई म्हणाली, माझ्या पोरीची सायकल पडून आहे, मी तिच्यावरच जाते. मग आम्ही तिघी, दोन कॉलेजच्या पोरी आणि चार लेकरं, अशा पाच सायकलींवर भल्या पहाटे निघालो. वीस वर्षांनी हात लावला होता. पहिले आठ दिवस शाळेच्या मैदानात अंधारात सराव केला. पडलोही. बघायला नवरे नव्हते, एवढं बरं.

लेकराला न्यायचं तर काही गोष्टी आम्ही अनुभवानं शिकलो, त्या सांगतो. कॅरिअरवर बसलेल्या लेकराची टाच चाकाच्या तारांत जाते, म्हणून तारांवर दोन्ही बाजूंनी पोत्याचं कापड शिवलं आणि सगळ्यांना बूट घातले. दांडीला जुनं लुगडं गुंडाळलं. पदर आणि ओढणी कमरेला खोचून घट्ट बांधली. दर तासाला थांबायचं, लेकरू कुरकुरायच्या आधी. दांडीवरच्याला झोप लागू द्यायची नाही, गाणं म्हणायला लावायचं. उन्हाच्या आत पोचायचं. हवा भरायचा पंप, सोल्युशन आणि ठिगळ सोबत ठेवायचं.

वाटेत पंक्चर झालं तेव्हा एक टपरीवाला म्हणाला, "बायको-लेकरांना असं पाठवणारा कोण?" आमच्यातली पोरगी म्हणाली, "कोणी पाठवलं नाही." त्यानं पंक्चर काढून दिलं आणि पैसे घेतले तीस. आम्हाला ते जास्तच वाटले, पण वाद घातला नाही. ठिगळ कसं लावतात ते मात्र नीट बघून घेतलं.

आपल्या जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. त्यावर दुचाकीला बंदी, मग सायकलला कुठली वाट! आपला रस्ता तो जुनाच, खड्ड्यांचा, ट्रकच्या कडेनं जाणारा. म्हणून लेकरांसोबत जायचं तर पहाटेच निघावं.

दर्शन घेऊन दुपारच्या आत परतलो. येताना एका सहा वर्षांच्या पोरानं विचारलं, "आता सिंदखेडराजाला कधी?" ते तीसेक किलोमीटर होईल. जिजाऊंची जयंती १२ जानेवारीला असते, तेव्हा थंडीही असते. ज्या मैत्रिणींच्या घरी सायकल गोठ्यात पडून आहे, त्यांनी आधी तिची चेन तेलात भिजवून ठेवा आणि कळवा. सरावाला मैदान तेच, वेळ पहाटे पाचची.