पुणे स्टेशनसमोरची खोली

काही वर्षांपूर्वी एका साहित्यिक बैठकीसाठी आम्ही तिघे पुण्याला गेलो होतो. गाडी उशिरा पोहोचली. स्टेशनबाहेर पडलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. जवळच एक मध्यम प्रतीचे हॉटेल दिसले. ना धर्मशाळा, ना पंचतारांकित. काउंटरवरच्या तरुणाने भाडे सांगितले, गरम पाणी सकाळी सहा ते नऊ मिळेल असेही सांगितले आणि रजिस्टर पुढे सरकवले. आम्ही नाव लिहिले. त्याने रजिस्टर आपल्याकडे वळवून वाचले, आत जाऊन आला आणि म्हणाला, "सॉरी काका, रूम शिल्लक नाही. आधीचं बुकिंग होतं, माझ्या लक्षात नव्हतं." त्याच्या पाठीमागे फळीवर सात-आठ किल्ल्या लटकत होत्या.

आम्ही वाद घातला नाही. बॅगा उचलून बाहेर आलो. आमच्यातल्या एका मित्राचे आडनाव पाटील. तो म्हणाला, "पुढच्या ठिकाणी मी लिहितो. नुसतं आर. एम. पाटील. कोण विचारतंय?" यावर फुटपाथवर उभे राहून आमची जी चर्चा झाली, तिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

मुसाफिर, सराई, मुसाफिरखाना हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि आपल्याकडे असे रुळले की ते परके आहेत हे कुणाच्या ध्यानीही येत नाही. शेरशाह सूरने (कारकीर्द 1540 ते 1545) हमरस्त्यांवर दर दोन कोसांवर एक अशा 1700 सराया बांधल्या, असे अब्बास खान सरवानी या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. तो अकबराच्या काळात लिहीत होता, म्हणून आकडा थोडा हात राखून घ्यावा. पण व्यवस्थेचा तपशील महत्त्वाचा आहे. हिंदू आणि मुसलमान मुसाफिरांसाठी वेगळ्या खोल्या, हिंदूंसाठी पाणी, बिछाना आणि जेवण पाहणारा ब्राह्मण, आवारात विहीर आणि मशीद. आजच्या नजरेला हे वेगळेपण खटकेल. आम्हालाही खटकते. पण तिथे नाव विचारले जात होते ते कुणाला कुठे उतरवायचे यासाठी. दारातून परत पाठवण्यासाठी नव्हे.

आपल्या मराठवाड्यात औरंगाबादची (आताचे छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की आहे. बुखाऱ्याकडून आलेल्या एका नक्शबंदी सूफीचा हा दर्गा. त्यांचे नावच बाबा शाह मुसाफिर. अठराव्या शतकात मातीच्या नळांतून दुरून पाणी आणून इथे चक्की फिरवली गेली, आणि फकीर, विद्यार्थी व वाटसरूंसाठी तिच्यावर धान्य दळले जाई. पर्यटक आज पाण्याचा पडदा पाहून फोटो काढतात, पीठ कुणासाठी होते हे गाइडही क्वचितच सांगतो.

पुण्याला रेल्वे आली 14 जून 1858 रोजी, खंडाळ्यापासून. बोरघाटातला मार्ग 1863 साली पुरा झाला आणि मुंबईहून निघालेला माणूस थेट पुण्यात उतरू लागला. सध्याची स्टेशनची इमारत 1925 सालची. हाकेच्या अंतरावर ससून रुग्णालय, शेजारी एस.टी.चे स्थानक, पलीकडे कलेक्टर कचेरी. त्यामुळे या भागातल्या हॉटेलांत उतरणारा माणूस सहसा हौशी प्रवासी नसतो. कुणाचा भाऊ ससूनमध्ये दाखल असतो, कुणाची तारीख असते, कुणाची पहाटेची गाडी असते. त्याला एका रात्रीपुरते छप्पर हवे असते, आणि ते तेव्हाच हवे असते.

रेल्वेबरोबर प्रवाशाची नोंदही वाढली. 1897 च्या प्लेगात स्टेशनांवर प्रवाशांना उतरवून तपासले जाई. पडद्यातल्या बायकांच्या तपासणीवरून आपल्या समाजात फार संताप होता. त्याच साली मुंबईहून जाणारी हजयात्राही सरकारने बंद ठेवली. अनोळखी प्रवासी म्हणजे संशयित, ही सवय सरकारी कारभाराला तेव्हा पक्की लागली.

पण नोंदवहीचा खरा दाहक इतिहास बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवला आहे. 1917 साली परदेशातून शिकून ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. कुठल्याही हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे माहीत होते, म्हणून पारशी विश्रामगृहात गेले. ते फक्त पारशांसाठी होते. रखवालदाराशी तडजोड झाली: रजिस्टरात पारशी नाव लिहायचे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मिळेना, तेव्हा त्या विद्वानाने रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत सार्वजनिक बागेत बसून काढली.

इथे थांबलो तर आमचा प्रामाणिकपणा अपुरा पडेल. याच आठवणींत 1934 चा दौलताबादचा प्रसंग आहे. रमजानचा महिना. किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर बाबासाहेबांच्या सोबत्यांनी हातपाय धुतले, आणि पाणी बाटवले म्हणून ओरडत धावून आले ते आपले लोक. पुढे एक पांढऱ्या दाढीचे बुजुर्ग. तुमच्या धर्माने हेच शिकवले का, असे बाबासाहेबांनी विचारले तेव्हा कुणाकडे उत्तर नव्हते. जिथून जवळच बाबा शाह मुसाफिरांची चक्की वाटसरूंसाठी दळत होती, तिथली ही गोष्ट. ती आपल्या जलशांत, आपल्या अंकांत फारशी सांगितली जात नाही.

म्हणूनच राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात 'हॉटेल' हा शब्द आला, ही आम्हाला योगायोगाची गोष्ट वाटत नाही. नोव्हेंबर 1948 मध्ये घटना समितीत हे कलम चर्चेला आले होते. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकी केवळ एवढ्याच कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत मज्जाव करता येणार नाही, असे ते सांगते. घटनेतली बरीच बंधने सरकारवर आहेत. हे काउंटरमागे बसलेल्या खासगी माणसालाही लागू आहे. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट हेही त्याच कलमात आहेत. बडोदे आणि दौलताबाद, दोन्ही.

फेब्रुवारी 2010 मध्ये कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत स्फोट झाला, 17 माणसे गेली. ओळखपत्राची झेरॉक्स, कॅमेरा, हे सारे हॉटेलवाल्याने करावेच. त्याबद्दल आमची तक्रार नाही. ओळखपत्र सगळ्यांचेच मागितले जाते. प्रश्न ते वाचून झाल्यावरचा आहे.

तर त्या रात्री फुटपाथवर पाटलांना आम्ही एवढेच म्हणालो की आडनाव तुमचेच आहे, खोटे काही नाही, लिहा हवे तसे. ते काही बोलले नाहीत. दोन गल्ल्या सोडून दुसरे हॉटेल होते. काउंटरवर एक वयस्कर गृहस्थ पेंगत बसले होते. पाटलांनी चष्मा लावला आणि स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, सारे सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिले. गृहस्थांनी वाचले, किल्ली काढून दिली आणि विचारले, "तिघांना दोन पलंग पुरतील ना? नाहीतर एक गादी वर पाठवतो. तिचे पन्नास रुपये जादा होतील."