वस्त्रगाळ

पाली विनयपिटकाच्या महावग्गात औषधांविषयी एक प्रकरण आहे. त्यात आनंदाचे उपाध्याय थेर बेलट्ठसीस यांची हकिगत येते. त्यांना कातडीचा विकार होता. अंगातून लस पाझरे आणि चीवर अंगाला चिकटून बसे. सोबतचे भिक्खू ते पाण्याने भिजवत आणि हळूहळू सोडवत. बुद्धांनी हे पाहिले, चौकशी केली आणि नियम घालून दिला. ज्याला खाज, गळवे, वाहत्या जखमा किंवा खरूज असेल, ज्याच्या अंगाला दुर्गंधी येत असेल, त्याला औषधी चूर्णांची परवानगी. ज्याला विकार नाही, त्याने शेण, माती किंवा रंग उकळून उरलेला चोथा वापरावा. चूर्ण करायचे तर कुटायला हवे, म्हणून उखळ-मुसळाला परवानगी मिळाली. मग चाळलेले चूर्ण लागले, म्हणून चाळणीला. त्याहून बारीक लागले, म्हणून कापडी चाळणीला.

या कापडी चाळणीसाठी पाली शब्द आहे ‘दुस्सचालिनी’. आपण मराठीत अशा चूर्णाला ‘वस्त्रगाळ’ म्हणतो. भिक्खूंच्या मालकीच्या वस्तूंवर इतकी बंधने असलेल्या संघात एका आजाऱ्याच्या कातडीसाठी चाळणीचा नियम दोन पायऱ्यांनी बारीक होत गेला. अंघोळीच्या घरगुती चूर्णांचा इतिहास मी वाचू लागले तो या उताऱ्यापासून. माझ्या घरात हळवी कातडी तीन पिढ्या चालत आलेली आहे, हेही त्यामागचे एक कारण.

ही चूर्णे त्या काळात सर्वांच्या परिचयाची असावीत. दीघनिकायातल्या सामञ्ञफलसुत्तात ध्यानाच्या पहिल्या पायरीसाठी जी उपमा आली आहे, ती न्हाणी घालणाऱ्या सेवकाची आहे. तो काशाच्या भांड्यात स्नानचूर्ण घेतो, पाण्याचे शिंतोडे देत मळत जातो, आणि शेवटी गोळा आतबाहेर ओलावतो, पण त्यातून थेंब गळत नाही. अंघोळीचे पीठ कालवलेल्या कोणालाही ही अवस्था हाताला ठाऊक असते. पाणी थोडे जास्त झाले की पीठ ओघळते, कमी पडले की रवाळ राहून अंगाला ओरखडते.

संस्कृतात या लेपनाला उद्वर्तन म्हणतात. प्राकृतातून येताना त्याचे मराठीत उटणे झाले, हिंदीत उबटन, पंजाबीत वटणा. शब्दाचे कूळ बदलते तिथेही रीत तीच राहते. तेलुगू घरांत सुन्निपिंडी असते, तमिळ घरांत नलंगु मावु, केरळात हिरव्या मुगाची चेरुपयर पोडी. आसामात बोहाग बिहूच्या वेळी गुरांना उडीद-हळदीचे माह-हालधी लावतात आणि माणसेही ते अंगाला लावतात. प्रत्येक ठिकाणी स्थानिक कडधान्य आणि त्यात स्थानिक वनस्पती. साऱ्या देशाची मिळून एकच पाककृती कधी नव्हती.

वैद्यकाच्या ग्रंथांतही सरसकट सल्ला मिळत नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातल्या दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग, उद्वर्तन आणि स्नान यांचे गुण सांगितले आहेत. त्याच ओघात कफाने पीडलेल्याने, नुकतीच शोधनक्रिया झालेल्याने आणि अजीर्ण झालेल्याने अभ्यंग टाळावा, असेही बजावले आहे. गरम पाणी शरीराच्या खालच्या भागाला बळ देते, पण डोक्यावर घेतले तर केस आणि डोळे यांचे बळ हरते, असे तो सांगतो. कोणाला, कधी, कुठे, हे प्रश्न द्रव्यांच्या यादीइतकेच महत्त्वाचे मानलेले दिसतात.

माझी आजी यातले काही वाचलेली नव्हती. दिवाळीआधी ती दोन डबे भरायची. मोठ्या डब्यात नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद, वाळवलेल्या गुलाबपाकळ्या आणि थोडे चंदन. लहान डब्यात फक्त मसुराच्या डाळीचे पीठ, जुन्या मलमलीतून दोनदा वस्त्रगाळ केलेले. लहान डबा माझा आणि आत्याचा. वासाचे उटणे आम्हा दोघींना सोसत नसे. कोपराच्या लवणीत लाल चट्टे उठत. आजीने त्यासाठी आम्हाला नाजूक म्हणून हिणवले नाही की सणाच्या वासाचा आग्रह धरला नाही. तिने वेगळा डबा केला.

दरम्यान देशात साबण आला होता. लिव्हर ब्रदर्सचा सनलाइट साबण १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरला. म्हैसूर संस्थानाने १९१६मध्ये बंगळूरला सरकारी साबण कारखाना काढला, आणि १९१८मध्ये गोदरेजने वनस्पती तेलांपासून केलेला साबण बाजारात आणला. विलायती साबणातल्या जनावरांच्या चरबीला अनेकांचा आक्षेप होता, स्वदेशीचा काळ होता. त्यामुळे साबण कशाचा आहे यावर भरपूर बोलले गेले. तो कातडीचे काय करतो हा प्रश्न मागे राहिला. रोजची अंघोळ साबणाकडे गेली आणि उटणे बहुतेक घरांत दिवाळी, लग्नाची हळद आणि तान्ह्या बाळाचे न्हाणे एवढ्यापुरते उरले.

कातडीच्या प्रश्नाचे एक उत्तर १९२८मध्ये जर्मनीतून आले. शाडे आणि मार्किओनिनी या संशोधकांनी त्वचेच्या पृष्ठभागावरच्या सौम्य आम्लतेला ‘आम्ल-आवरण’ असे नाव दिले. निरोगी त्वचेचा पीएच साधारण पाचच्या आसपास असतो. नेहमीच्या साबणाचा नऊ ते दहा. हळव्या कातडीला साबणानंतर ओढल्यासारखे, आग झाल्यासारखे का वाटते, याचा बराचसा उलगडा इथे होतो.

एवढ्यावरून घरगुती ते निर्धोक असा निकाल मात्र देता येत नाही. आज ‘नैसर्गिक’ हा शब्द ज्या सहजतेने पाकिटांवर छापला जातो, त्याची मला धास्ती वाटते. सुगंधी उटण्यात काही जण बावची घालतात. बावचीत सोरालेन असते. ते अंगावर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात. कोडाच्या उपचारात त्याच्या याच गुणाचा उपयोग करतात. लिंबाच्या सालीतही त्याच जातीची द्रव्ये असतात. जपानमध्ये गव्हाच्या विघटित प्रथिनांचा चेहऱ्याचा साबण वापरून दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी जडली. पोळी-पावासारखे साधे पदार्थ खाणे त्यांना धोक्याचे झाले. तो साबण २०११मध्ये परत मागवावा लागला. अन्न पोटातून गेले तर शरीर ते बहुधा आपले मानते. तेच भेगाळलेल्या कातडीतून गेले तर शत्रू ठरवू शकते, असे आता अ‍ॅलर्जीचे अभ्यासक सांगतात.

म्हणून माझ्या भाचीसाठी मी आजीचा लहान डबा भरलेला नाही. ती चार वर्षांची आहे आणि तिला एक्झिमा आहे. तिच्या चिरा पडलेल्या कातडीवर कुठल्याही डाळीचे पीठ लावायचे नाही, हे आम्ही तिच्या डॉक्टरांशी बोलून ठरवले. कोमट पाणी, थोडा वेळ अंघोळ, बिनवासाचे सौम्य द्रव्य, आणि अंग ओलसर असतानाच मलम. घरातल्या मोठ्यांना यात परंपरा तुटल्यासारखी वाटते. दिवाळीच्या पहाटे बाळाला उटणे नाही म्हणजे काय, असे त्यांचे म्हणणे.

मी त्यांना बेलट्ठसीसांची गोष्ट सांगते. त्या विहारात माती सर्वांना चालत होती, एकाला चालत नव्हती, आणि त्या एकासाठी चूर्ण आले, उखळ आले, चाळणी आली, मग कापड आले. आजीने मसूर निवडला तो आमच्या दोघींच्या कोपरांकडे पाहून. या मुलीच्या कोपरांकडे पाहिले तर मसूरही वगळावा लागतो. तिच्या बादलीत यंदा काही कालवलेले नव्हते. आजीचा मलमलीचा तुकडा मात्र आम्ही पाण्यात बुडवला आणि न चोळता, नुसता टेकवत तिचे अंग पुसले.