दवाखाना टाकण्याआधी डॉक्टरची परीक्षा कशी होते?

देहूरोड : कामगाराला ताप आला की तो आधी गल्लीतल्या दवाखान्यात जातो. साधा ताप की डेंगी, हे तिथेच ओळखावं लागतं. पण पाटीवरच्या पदवीमागची परीक्षा सगळ्यांची सारखी नसते.

देशातील एमबीबीएस : शेवटी लेखी, तोंडी आणि पेशंट तपासून दाखवायची प्रात्यक्षिक परीक्षा. मग एक वर्ष इंटर्नशिप आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी.

परदेशातील पदवी : २००२ च्या नियमांनुसार 'एफएमजीई' ही चाळणी परीक्षा. ३०० प्रश्न, पास व्हायला १५० गुण. सगळे प्रश्न पर्यायी उत्तरांचे. समोर पेशंट नसतो.

होमिओपॅथी : २०१४ च्या कायदादुरुस्तीनुसार ॲलोपॅथीची औषधं लिहून द्यायची तर एक वर्षाचा 'सीसीएमपी' कोर्स. याचा वाद कोर्टात गेला आहे.

नेक्स्ट : परवान्यासाठी देशभर एकच परीक्षा असावी, अशी तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे. तिचा मुहूर्त मात्र लांबतच गेला.

पेशंटने काय पाहावं? नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असणं बंधनकारक आहे. तो दिसत नसेल तर सरळ विचारावा.