आठ दिवसांचे आयोडीन

अणुऊर्जेच्या बातम्यांत आपण बहुधा मेगावॅट मोजतो. पण आपल्या अणुभट्ट्यांनी दिलेली एक देणगी मिलिक्युरीत मोजली जाते आणि ती साठवून ठेवता येत नाही. ती म्हणजे आयोडीन-१३१. तिचा इतिहास खरे तर एका कालावधीचा इतिहास आहे.

आयोडीनचे स्थिर समस्थानिक एकच, आयोडीन-१२७. १९३४ मध्ये रोममध्ये एन्रिको फर्मी यांनी त्यावर न्यूट्रॉनांचा मारा करून किरणोत्सारी आयोडीन-१२८ मिळवले. त्याचा अर्धायुकाल जेमतेम २५ मिनिटांचा. १९३६ मध्ये बोस्टनमधील डॉ. सॉल हर्ट्झ यांनी एका व्याख्यानानंतर भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांना विचारले, की आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का? प्रश्नामागील तर्क सरळ होता. शरीरात गेलेले आयोडीन थायरॉईड ग्रंथी स्वतःकडे ओढून घेते. तेव्हा औषधाला पत्ता सांगावाच लागणार नाही. अडचण होती ती २५ मिनिटांची.

बर्कलीत जोसेफ हॅमिल्टन यांनीही हीच अडचण ग्लेन सीबोर्ग यांच्यापुढे मांडली. किती अर्धायुकाल हवा, असे विचारता उत्तर आले: साधारण आठवडाभर. १९३८ मध्ये सीबोर्ग आणि जॉन लिव्हिंगूड यांनी टेल्युरियमपासून आयोडीन-१३१ मिळवले. त्याचा अर्धायुकाल निघाला आठ दिवसांचा!

हे आठ दिवस इतके मोलाचे का? आयोडीन-१३१ च्या केंद्रकात ५३ प्रोटॉन आणि ७८ न्यूट्रॉन असतात. त्यांतील एका न्यूट्रॉनचे प्रोटॉनमध्ये रूपांतर होते, बीटा कण बाहेर पडतो आणि उरतो स्थिर झेनॉन-१३१. बीटा कण ऊतीत फार तर दोनेक मिलिमीटर जातो. म्हणून बहुतेक आघात ग्रंथीतच होतो. सोबतचे गॅमा किरण मात्र शरीराबाहेर येतात आणि औषध कोठे पोहोचले ते दाखवतात. एकच अणू उपचारही करतो आणि साक्षही देतो.

हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये पहिल्या रुग्णाला दिलेल्या मिश्रणात अल्पजीवी आयोडीन-१३० चाच भाग मोठा होता. आयोडीन-१३१ मुबलक झाले ते युद्धानंतर, अणुभट्टीमुळे.

भारताच्या दृष्टीने हाच मुद्दा कळीचा ठरला. आयात केलेल्या कुपीचे चार दिवस प्रवासात गेले, तर तिची सुमारे २९ टक्के सक्रियता वाटेतच संपते. परकीय चलन मोजावे ते जणू वितळत्या बर्फासाठी. गोदाम भरून ठेवण्याचीही सोय नाही. ऐंशी दिवसांत हजारावा हिस्सासुद्धा उरत नाही. असे औषध देशातच आणि सातत्याने बनवावे लागते. १९५६ मध्ये ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ आणि १९६० मध्ये ‘सायरस’ कार्यान्वित झाली. १९६३ मध्ये मुंबईत रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले. १९८५ मध्ये ‘ध्रुव’ आली. टेल्युरियमवर न्यूट्रॉनांचा मारा करायचा, त्यातून तयार झालेले आयोडीन ऊर्ध्वपातनाने वेगळे करायचे आणि कुपी वेळेत रुग्णालयात पोहोचवायची, हा क्रम अखंड चालावा लागतो.

याच अणूची दुसरी बाजू १९८६ मध्ये चेर्नोबिलला दिसली. हवेतून गवतावर, गवतातून दुधात आणि दुधातून मुलांच्या थायरॉईडमध्ये ते पोहोचले. पुढे त्या मुलांमध्ये थायरॉईडच्या कर्करोगाचे प्रमाण वाढले. ग्रंथीची ओढ तीच, आठ दिवसही तेच. फरक होता तो एवढाच की मात्रा कोणी मोजलेली नव्हती.

अणुभट्टी बंद पडल्याची बातमी आली की आपण किती वीज बुडाली ते विचारतो. संशोधनासाठीच्या अणुभट्टीबाबत आणखी एक प्रश्न विचारायला हवा: पुढच्या आठवड्याची कुपी कोठून येणार? कारण थायरॉईडच्या कर्करोगाचा रुग्ण एक वेळ थांबेल. आयोडीन थांबणार नाही.