कॉर्नवॉलच्या खाणींतील सामायिक ज्ञान

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल परगण्यात तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणी जसजशा खोल गेल्या, तसतसा त्यांत साठणारे पाणी उपसण्याचा प्रश्न बिकट होत गेला. उपशासाठी वाफेची इंजिने होती. मात्र परगण्यात दगडी कोळसा नसल्याने तो दक्षिण वेल्समधून जहाजांनी आणावा लागे आणि इंजिनाने किती कोळसा खाल्ला यावर खाणीचा नफातोटा अवलंबून असे.

जेम्स वॉटने वाफ थंड करण्यासाठी सिलिंडरबाहेर वेगळे पात्र जोडून कोळशाची मोठी बचत साधली. या युक्तीचे 1769 मधील पेटंट ब्रिटिश संसदेने 1775 मध्ये थेट 1800 पर्यंत वाढवून दिले. न्यूकोमेनच्या जुन्या इंजिनाच्या तुलनेत वाचणाऱ्या कोळशाच्या किमतीचा एकतृतीयांश भाग वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांना द्यावा लागे. स्थानिक अभियंत्यांनी केलेल्या सुधारणांवर खटले भरले गेल्याने खाणवाल्यांच्या मनात पेटंटाविषयी कायमची अढी बसली. 1800 मध्ये हे बंधन सुटले, तरी बोल्टन-वॉट यांची देखरेख संपल्यामुळे इंजिनांची कामगिरी उलट ढासळली. नुसत्या मोकळिकीने ज्ञान वाढत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

यावर उपाय म्हणून ऑगस्ट 1811 पासून जोएल लीन या अनुभवी खाण-व्यवस्थापकाने निरनिराळ्या खाणींतील इंजिनांचा मासिक अहवाल काढण्यास आरंभ केला. 1812 मध्ये त्याचे निधन झाल्यावर मुलांनी तो पुढे चालवला. प्रत्येक इंजिनाचे आकारमान, त्यावरील भार आणि त्याची ‘ड्यूटी’, म्हणजे एक बुशेल कोळशात किती पौंड पाणी एक फूट उंच उचलले गेले याचे माप, त्यात अभियंत्याच्या नावासह छापले जाई. त्यामुळे कोणाची रचना सरस आहे, हे साऱ्या परगण्याला दर महिन्याला कळू लागले.

रिचर्ड ट्रेव्हिथिकने 1812 मध्ये व्हील प्रॉस्पर खाणीत उच्च दाबाची वाफ प्रसरण पावू देणारे एक-सिलिंडरी इंजिन बसवले आणि त्याचे पेटंट न घेतल्याने ती रचना कोणालाही उचलता आली. याउलट आर्थर वूल्फचे पेटंट घेतलेले दोन-सिलिंडरी इंजिन गुंतागुंतीचे ठरून मागे पडले. पुढे सॅम्युएल ग्रोजने सिलिंडर आणि वाफेच्या नळ्यांना उष्णतारोधक आवरण घालून 1820 च्या दशकात ड्यूटी 8 कोटींच्या वर नेली, तर 1835 मध्ये फोई कन्सोल्स खाणीतील चाचणीत ती 12.5 कोटींवर पोहोचली. 1811 मधील सरासरी सुमारे 1.7 कोटी होती, हे लक्षात घेता ही वाटचाल थक्क करणारी आहे. आणि ती एकेका अभियंत्याने दुसऱ्याच्या कामावर घातलेल्या लहान लहान भरींतून घडली.

या देवाणघेवाणीची मुळे स्थानिक अर्थव्यवस्थेत होती. एकाच भागधारकाचे पैसे अनेकदा अनेक खाणींत गुंतलेले असल्याने एका खाणीतील शोध शेजारच्या खाणीत गेला तरी त्याचे नुकसान होत नसे. अभियंतेही एकाच वेळी अनेक खाणींचे काम पाहत असल्याने छापील आकड्यांतून मिळणारा लौकिक हीच त्यांची नवी कामे मिळवण्याची पुंजी होती. अर्थात ड्यूटी हे निर्दोष माप नव्हते, कारण कोळशाच्या प्रतीनुसार आकडा बदलत असे आणि विक्रमी आकड्यांविषयी शंका घेतल्या जात. म्हणूनच मोठे दावे साक्षीदारांसमोर तपासले जात.

एकच काम करणारी माणसे परस्परांच्या अनुभवातून शिकत राहतात, अशा समूहाला जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी 1991 मध्ये ‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’ हे नाव दिले. आज संस्था असे समूह जाणीवपूर्वक उभारू पाहतात, तेव्हा कॉर्नवॉलचा अनुभव त्यांना मोलाचा ठरावा: सर्वांना मान्य असे माप, ज्याचे श्रेय त्याला देणारी नोंद आणि वाटल्याने कोणाचेही नुकसान होणार नाही अशी हितसंबंधांची रचना या तिन्ही गोष्टी जुळून आल्या, म्हणूनच तेथे ज्ञान खुले राहिले आणि वाढत गेले.