मनोरा आणि उतरंड

दिल्लीत 20 फेब्रुवारी 2023 रोजी एका पेटीचे प्रकाशन झाले. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी तयार केलेल्या या संचाचे नाव ‘जादुई पिटारा’. त्यात खेळणी आहेत, कोडी आहेत, बाहुल्या आहेत, चित्रे व गोष्टींची पाने आहेत. संच चांगला आहे. मात्र बालशिक्षणाच्या इतिहासात पेटी ही काही नवी वस्तू नव्हे. जर्मनीत फ्रोबेलने 1837 साली काम आरंभिले, तेही चेंडू, ठोकळे आणि कांड्या यांच्या पेट्या घेऊनच. प्रत्येक पेटीमागून एक प्रश्न आला: ज्या घरी ही पेटी पोचणार नाही, त्या घरच्या मुलाने काय करावे? या प्रश्नाला मिळालेले एक उत्तम उत्तर मराठी आहे, आणि ते तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या एका गावात सापडले.

त्याआधी मूळ पेटीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. मारिया माँटेसरी यांनी 6 जानेवारी 1907 रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साधनांत दट्ट्यांची पेटी प्रसिद्ध आहे. एका लाकडी ठोकळ्यात दहा भोके, आणि प्रत्येक भोकात बरोबर बसणारा एकेक दट्ट्या. दुसरे साधन गुलाबी मनोऱ्याचे. दहा घन, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा. यातली खरी युक्ती लाकडात नाही. बारीक दट्ट्या चुकून मोठ्या भोकात गेला, तर शेवटी एक जाडा दट्ट्या हातात उरतो आणि त्याला जागा मिळत नाही. चूक झाली हे मुलाला बाईंनी सांगावे लागत नाही, वस्तूच सांगते. मोठ्या माणसाच्या ‘असे नव्हे, तसे’ या उद्गारातून मुलाची सुटका होते. मात्र यासाठी लाकूड अचूक कापलेले हवे, गुळगुळीत हवे. म्हणून ते महाग पडे. मजुरांच्या मुलांसाठी जन्मलेली पद्धती आपल्याकडे पुष्कळ काळ सुखवस्तू घरांपुरती राहिली, ती यामुळेच.

ताराबाई मोडक यांना ही विसंगती फार जवळून दिसली. राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयातील प्राचार्यपद सोडून त्या 1923 साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात आल्या. वकिली सोडून मुलांत रमलेले गिजुभाई आणि ताराबाई या दोघांनी माँटेसरीची पद्धती गुजराती-मराठी घरात आणली. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे 1936 साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार काढला. तेथील पालक शिकलेले होते, फी देऊ शकत होते. एवढ्यावर थांबून त्यांचे नाव झालेच असते. परंतु 1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

बोर्डीत लाकडी पेटीचे काय होणार? पैसे नव्हते, आणि असते तरी त्या वस्तू मुलांच्या जगातल्या नव्हत्या. मग शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या, माती हे साहित्य झाले. लहानमोठे लावायचे तर शिंपले, मोजायचे तर बिया. गरीब वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. आज जो शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो, तो ‘अंगणवाडी’ या प्रयोगातून आला. आधी मुलांचे हातपाय धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे, मग खेळ. आणि हे सारे घरच्यांच्या डोळ्यांदेखत. काम 1957 साली कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा वारली मुलांसाठी गुरांमागे रानात जाणारी कुरणशाळा निघाली. केंद्र सरकारने 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. सरकारी टिपणीत ‘स्थानिक रीत्या उपलब्ध साहित्य’ असे शब्द येतात. आम्ही कारकुनी मंडळी ते वाचतो आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळतो. त्या चार शब्दांमागे एवढा मोठा खटाटोप आहे, हे फाइलीवरून कळत नाही.

येथे एक शंका मात्र घेतली पाहिजे, कारण कोसबाडची थोरवी सांगताना ती बहुधा टाळली जाते. खडा म्हणजे दट्ट्या नव्हे. पाच खड्यांऐवजी सहा मांडले तर खडा काही बोलत नाही. साहित्य स्वस्त झाले, पण चूक दाखविण्याचा त्याचा गुण गेला, आणि ते काम माणसावर आले. अंगणात अनुताईंसारखी बाई होती, म्हणून ते निभावले. घरात काय? नोएडा किंवा द्वारका येथील सदनिकेत संध्याकाळी सातला घरी येणाऱ्या आईवडिलांना ‘बिया द्या, पाने द्या’ असे सांगणे म्हणजे अर्धेच सांगणे होय. उरलेला अर्धा भाग त्यांचा वेळ आहे, आणि तोच तर दुर्मीळ.

परंतु घर हे अंगणापेक्षा एका बाबतीत श्रीमंत आहे. माँटेसरींच्या साधनांपैकी मोठा भाग मुळी घरकामाचाच होता: पाणी ओतणे, बटणे लावणे, केर काढणे. वरची गुंडी खालच्या काजात गेली की शेवटी एक काज मोकळे राहते. सदरा स्वतः बोलतो. आपल्या जुन्या माजघरातील उतरंड आठवा. मोठे मडके खाली, त्यावर त्याहून लहान, असे चढत गेलेले. क्रम चुकला तर ती डगमगते. मनोऱ्याहून ती काय निराळी? भातुकलीतल्या छोट्या उतरंडीवर कित्येक पिढ्यांच्या मुलींनी हा पाठ गिरविला, आणि मुलग्यांना तो बहुधा मिळाला नाही, हेही नमूद करावयास हवे. आज मडकी गेली, पण एकात एक बसणारे पोलादी डबे आले. त्यांची झाकणे काढून जमिनीवर पसरून द्यावीत. पाच डबे, पाच झाकणे. एक झाकण दुसऱ्याच डब्यावर पडले की शेवटचे कोठेच बसत नाही. दट्ट्यांच्या पेटीत याहून अधिक काही नव्हते.

हिवाळ्यात दिल्लीच्या भाजीबाजारात मटाराचे ढीग लागतात आणि घरोघर परात भरून शेंगा सोलल्या जातात. शेंग उघडण्यापूर्वी चाचपून आत किती दाणे असतील ते मुलाने सांगावे, मग उघडून मोजावेत. येथे शेंग स्वतःच खरेखोटे करते. ल्युटेन्सच्या जुन्या रस्त्यांकडेची जांभळे पावसाळ्याच्या तोंडाला गळतात. बिया धुऊन वाळविल्या की वर्षभर पुरतात. फक्त तीन वर्षांखालील मुलाच्या हाती बी किंवा दाणा देऊन पाठ फिरवू नये. तो नाकात जातो किंवा घशात. त्या वयाला डबे आणि झाकणेच बरी. आवाज फार होतो, आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी एकदोनदा वर येऊन विचारूनही जातात.